शिखरावर ऊन चढायच्या आत

प्रश्न : जूनमध्ये आमचा ग्रुप मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर (५२८९ मीटर) जाणार आहे. चढाई मध्यरात्रीनंतर सुरू करतात म्हणे. दिवसा उन्हात चढलं तर थंडी कमी लागणार नाही का? आणि वर इतकं गार का असतं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी थंडीचं. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमीन तापवतं आणि जमीन हवेला. शिखराचं टोक म्हणजे चहूबाजूंनी गार हवेत उभी असलेली चिमूटभर जमीन, त्यावर ऊन परतवणारा बर्फ. दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा चारेकशे मीटर उंच, तरी तिथला गारवा जाणवतोच. मनालीत (२०५० मीटर) १८ अंश असतील तेव्हा या माथ्यावर उणे ३ च्या आसपास धरा. पहाटे उणे १० असेल आणि वारा ताशी ४० किलोमीटरचा, तर उघड्या कातडीला ते उणे २१ सारखं लागतं.

तरीही रात्रीच निघा. रात्री गोठलेल्या बर्फात क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या लोखंडी काट्यांच्या सांगाड्याचे) दात नीट रुततात. ऊन लागलं की तोच बर्फ गुडघाभर खचतो, हिमनदीतल्या भेगांवरचे बर्फाचे पूल कच्चे होतात, वरून दगड सुटतात. ओला बर्फ क्रॅम्पॉनखाली लाडवासारखा चिकटतो. मग दात टेकतच नाहीत आणि पाय सटकतो. दर काही पावलांनी आइस-अ‍ॅक्सच्या (बर्फातल्या कुदळीच्या) दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून तो पाडावा लागतो. शिवाय दरीतली तापलेली हवा उतारावरून वर सरकते आणि दुपारपर्यंत माथा ढगात जातो. त्यामुळे परत फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवा आणि माथा समोर दिसत असला तरी ती पाळा.

गॉगल कडेने बंद असलेलाच घ्या. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो. डोळ्यांची आग सहा-बारा तासांनी सुरू होते, म्हणून बर्फावर असताना काही कळत नाही. उन्हापासून वाचवणारं क्रीम (सनस्क्रीन) हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा.

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखून मळमळत असेल तर वर चढायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचं.

प्रश्न : कॅम्पवर पातेल्यात डाळ का शिजत नाही?
– वरीलप्रमाणे

उत्तर : हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. कोल्हापुरात ९८ अंशांना, ४००० मीटरवर ८७ च्या सुमारास. कितीही जाळ घाला, पातेल्यातलं पाणी त्याहून तापत नाही. कुकर न्या, डाळ आधी भिजवा आणि किती गॅस न्यायचा ते घरच्यापेक्षा जास्त शिट्ट्या धरून ठरवा.