छाननीत अर्ज बाद झाला, आता कोर्टात कधी जायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोरेगाव तालुक्यातला. ग्रामपंचायतीला वहिनीचा सदस्यपदाचा अर्ज भरला होता, छाननीत बाद केला, कारण काय तर घरपट्टी थकलीय. घर वडिलांच्या नावावर आहे, बिल आम्हाला कधी आलंच नाही, कळल्याबरोबर पैसे भरून पावती दाखवली तरी साहेब ऐकेनात. एक वकील म्हणतात हायकोर्टातून स्टे आणू, दुसरे म्हणतात निकाल लागेपर्यंत थांबा. निवडणूक होऊन गेल्यावर न्याय मागून काय उपयोग? आणि फलटण, महाबळेश्वरची नगरपालिकेची निवडणूक कोर्टातल्या अपिलांमुळं पुढं गेलीच की, मग आम्हालाच का नाही?

उत्तर : दादा, तुमचं पत्र आलं तेव्हा मतदानाला थोडेच दिवस होते म्हणून फोनवर थोडक्यात सांगितलं होतं, पण दर निवडणुकीला असेच फोन येतात म्हणून इथं नीट लिहिते.

दुसऱ्या वकिलांचं बरोबर आहे. राज्यघटनेचं कलम २४३-ओ सांगतं की पंचायतीच्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेनंच देता येतं, लोकसभा-विधानसभेला तेच कलम ३२९ मध्ये आहे. आणि हे भांडण देशाच्या पहिल्या निवडणुकीपासूनचं आहे. नामक्कलच्या पोन्नुस्वामींचा अर्ज असाच छाननीत बाद झाला, ते हायकोर्टात गेले, तिथून सुप्रीम कोर्टात, आणि जानेवारी १९५२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की निवडणूक म्हणजे नुसतं मतदान नाही, अधिसूचनेपासून निकालापर्यंत सगळं त्यात आलं, मधेच कुठं अडवायचं नाही, तक्रार असेल ती निकालानंतर याचिकेत मांडा. मला हे पटतं, कारण आपल्याकडं गावोगावी दोन-तीन पॅनेल असतात, प्रत्येकानं एकेक स्टे आणला तर मतदान कधी होणारच नाही आणि गावावर प्रशासक बसून राहील. हां, २००० साली अशोककुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टानं एवढं मोकळं ठेवलंय की निवडणूक न अडवता पुरावा जपायला वगैरे कोर्ट आदेश देऊ शकतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळं सातारा-सांगलीच्या लोकांना हायकोर्ट जवळ आलं, पण या बाबतीतला कायदा मुंबईत होता तोच तिथंही आहे.

आता फलटण-महाबळेश्वरचं. नगरपालिकेच्या नियमात तेव्हा छाननीविरुद्ध जिल्हा न्यायाधीशांकडं अपील करायची सोय होती. काही ठिकाणी अपिलांचे निकाल उशिरा लागले, मग उमेदवारांना माघारीसाठी जे दिवस मिळायला हवेत ते मिळाले नाहीत, म्हणून राज्य निवडणूक आयोगानंच तिथलं २ डिसेंबर २०२५ चं मतदान २० डिसेंबरवर नेलं. म्हणजे कोर्टानं स्टे दिला असं नाही झालं. कोर्टाचा आदेश आला तो मोजणीबद्दल, नागपूर खंडपीठानं सांगितलं की सगळ्यांची मोजणी एकदम २१ तारखेला करा, त्यामुळं साताऱ्यात मतदान वेळेत होऊनसुद्धा मशिनं १९ दिवस बंदोबस्तात ठेवावी लागली. ग्रामपंचायतीच्या अर्जाला तशी अपिलाची पायरीच नाहीये, आणि खरा अन्याय मला इथं दिसतो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं एका दुपारी शंभर अर्ज चाळायचे, चूक झाली तर ती दोन दिवसांत तपासायला वर कुणीच नाही.

वहिनींच्या केसमध्ये घर वडिलांच्या नावावर आहे या मुद्द्यावर भर देऊ नका, तो टिकणार नाही, एकत्र कुटुंबात एकाची थकबाकी सगळ्यांना भोवते असं ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्येच स्पष्ट केलंय. तुमचा जोर बिलावर पाहिजे. त्याच कलमात असं आहे की मागणीचं बिल रीतसर पोचल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तरच अपात्रता येते. बिल पोचलं असं ग्रामपंचायत म्हणत असेल तर कुणाच्या सहीनं, कुठल्या तारखेला? ते रजिस्टर बघा, नक्कल मागा, तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. अर्ज बाद केल्याच्या आदेशाची सहीशिक्क्याची प्रत आणि घरपट्टीची पावती पण जवळ ठेवा.

याचिका कलम १५ खाली, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडं. मुदत निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवस, सोळाव्या दिवसाच्या भरवशावर राहू नका. उमेदवारच पाहिजे असं नाही, मतदार असलेला माणूसही करू शकतो, म्हणजे वहिनींबरोबर तुम्ही पण.

उपयोग काय, हा तुमचा प्रश्न मला रात्रभर टोचला. पाच वर्षांची मुदत आणि याचिकेला दोन-तीन वर्षं गेली तर हातात काय राहतं? निकालाआधी कोर्टानं यायचं नाही हे मान्य, पण मग निकालानंतर सहा महिन्यांत फैसला व्हायलाच हवा, नाहीतर बाईनं पुन्हा अर्ज भरायचं धाडस कसं करायचं? तुमच्या वकिलांना सांगा, पहिल्याच तारखेला लवकर सुनावणीचा अर्ज द्या, आणि पुढच्या तारखा समोरचे मागत असतील तर प्रत्येक वेळी लेखी हरकत घ्या.