टॉवेल, कपडे आणि पुढे गेलेली पाळी

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा, भरतो आणि फेब्रुवारीत माझ्या ओपीडीत तारीख चुकलेल्या मुली येतात. दोन्हींचा संबंध मी लावत नाही, योगायोग म्हणून नोंदवते. या वेळच्या प्रश्नांत "पूर्ण संबंध आलेच नाहीत, तरी दिवस जातील का?" हीच धास्ती आहे. विचारणारे सगळे सज्ञान आहेत. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : वय 23, साखरपुडा झालाय. गड्ड्याच्या वेळी होणारे पती घरी आले होते. आम्ही जवळ आलो, पण दोघांच्याही अंगावर कपडे होते. त्यांची पँट ओली झाली. त्याला आता महिना झाला. पाळी सहा दिवस पुढे गेली आहे. तीन टेस्ट निगेटिव्ह आल्या. चौथी करू का?

नको. शुक्रजंतूंना पोहायला ओलावा लागतो आणि कापड तो शोषून घेतं. दोघांच्या कपड्यांतून वाट काढून ते योनीत पोहोचत नाहीत. शिवाय संबंधानंतर 21 दिवस उलटून केलेली टेस्ट निगेटिव्ह असेल तर ती खरी माना. पट्टी पाच मिनिटांत वाचायची आणि टाकून द्यायची. अर्ध्या तासाने पुन्हा काढून पाहिली की वाळलेली फिकट रेघ दिसते आणि रात्रभर झोप लागत नाही.

मग पाळी लांबली का? ताण, जागरण, लग्नासाठी सुरू केलेलं डाएट, थायरॉइड, पीसीओडी (बीजाशयाचा, हार्मोन बिघडवणारा विकार). बीज उशिरा सुटलं की पाळीही तेवढीच पुढे सरकते. दीड महिना उलटला तरी आली नाही तर तपासून घ्या. तोवर मेडिकलमधून 'पाळी आणायच्या गोळ्या' आणू नका, आणि पपईवर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : एकत्र कुटुंब आहे. बाथरूममध्ये सगळ्यांना मिळून एकच टॉवेल. पुरुषांनी वापरलेल्या टॉवेलने दिवस जाऊ शकतात असं जाऊबाई म्हणतात.

सोलापुरात राहून टॉवेलवर संशय घ्यायचा म्हणजे धाडसच! नाही जात. वीर्य वाळलं की शुक्रजंतू मेले, आणि आपल्याकडच्या उन्हात काय ओलं राहतं? कमोड, पलंगावरची चादर, पोहण्याचा तलाव, सगळ्यांना हेच उत्तर. मुखमैथुनात वीर्य गिळलं तरी ते जठरात जातं, गर्भाशयाकडे जायला तिथून रस्ताच नाही. टॉवेल मात्र वेगळे करा, कारण गजकर्ण त्यातून नक्की पसरतं.

प्रश्न : वय 27. काल रात्री मैत्रिणीसोबत होतो. आत काहीच केलं नाही, पण कपडे नव्हते आणि वीर्य तिच्या योनीच्या अगदी तोंडाशी पडलं. तिच्या पाळीचा आज बारावा दिवस. ती म्हणते, आत गेलं नाही तर काही होत नाही.

इथे मी 'काही होत नाही' म्हणणार नाही. शक्यता पूर्ण संबंधापेक्षा बरीच कमी आहे, पण शून्य नाही. ताजं वीर्य योनीमुखाशी पडलं तर काही शुक्रजंतू आत सरकू शकतात. आत गेल्यावर ते पाच दिवसांपर्यंत तग धरतात. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण बारावा दिवस म्हणजे ते सुटण्याच्या अगदी तोंडावर.

म्हणून तिची इच्छा असेल तर आजच इमर्जन्सी गोळी घ्यावी. लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमची एकच गोळी, चिठ्ठीशिवाय मिळते. मुदत 72 तासांची, पण जितका उशीर तितका गुण कमी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून कॉपर-टी बसवून घेणं हा त्याहून खात्रीचा उपाय. दुकानात नाव नीट सांगा. गर्भपाताचं किट वेगळं असतं आणि घाईत लोक तेच घेऊन येतात. ही गोळी गर्भ पाडत नाही, बीज सुटणं लांबवते. पुढच्या वेळचं संरक्षण तिच्यात नाही, तिथे निरोधच.

पाळी आठवडाभर मागेपुढे होईल. त्याहून लांबली तर टेस्ट करा. ती पॉझिटिव्ह आलीच तर निर्णय तिचा आहे. 18 वर्षांवरील स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते, आईवडिलांची किंवा नवऱ्याची नाही. सिव्हिलमध्येही हाच कायदा.

प्रश्न : लग्नाला सात महिने झाले. मला इतकं दुखतं की पूर्ण संबंध एकदाही जमले नाहीत. आता दोन महिन्यांची गरोदर आहे. नवरा बोलत नाही, सासूबाई माहेरी पाठवायचं म्हणतात. मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलंही नाही.

ताई, तुमचं खरं असू शकतं, आणि हे पान नवऱ्याला जरूर दाखवा. अशा बायका मी तपासल्या आहेत. योनीपटल म्हणजे बंद दार नव्हे. त्याला भोक असतंच, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर कुठून आलं असतं? प्रयत्न करताना वीर्य बाहेरच पडलं, तरी बीज सुटायच्या दिवसांत योनीतला स्राव अंड्याच्या पांढऱ्यासारखा पातळ आणि ताणला जाणारा होतो, आणि त्यातून शुक्रजंतू वर चढतात. एकदा प्रयत्न करून असं होणं विरळा, पण तुम्ही सात महिने प्रयत्न करत होतात.

आत्ताच सोनोग्राफी करा. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचं वय पाच-सात दिवसांच्या फरकाने कळतं. त्या सुमारास तुम्ही दोघं एकत्र होतात, हे नवऱ्याला स्वतःला ताडून पाहता येईल. तपासणीला त्याला सोबत न्या, सासूबाईंना बाहेर बसू द्या. दुखण्याचं कारण बहुतेक योनीचे स्नायू आपोआप आवळणं हे असावं. यात तुमचा दोष नाही आणि यावर उपचार आहेत. आतून तपासायची घाई न करणारी डॉक्टर शोधा. बाळंतपण नेहमीसारखं होऊ शकतं, फक्त ही अडचण पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.