२१४ कोटींवर अडकलेले कॉइन्स

प्रश्न : मुलगा नववीत आहे, मोबाईलवर एक गेम खेळत राहतो. त्यात त्याचे कॉइन्स २,१४,७४,८३,६४७ वर अडकलेत, कितीही जिंकला तरी एक पण वाढून नाही राह्यला. तो म्हणते की ही जगातली सगळ्यात मोठी संख्या आहे! मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले तर ३, ७, ११, १३ कशानंच भाग जात नाही. ही मूळ संख्या आहे का, आणि म्हणूनच गेम तिथं थांबला का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : मूळ संख्याच आहे ताई, पण गेम त्याच्यामुळं नाही थांबला.

गेमवाल्यानं कॉइन्ससाठी ३२ बिटांची, म्हणजे नुसते ० किंवा १ मावतील अशा ३२ घरांची जागा ठेवली असणार, त्यातला एक बिट प्लस-मायनससाठी जातो, उरले ३१, त्यात दर पुढच्या घराची किंमत दुप्पट, ते सगळेच्या सगळे १ झाले की १+२+४+८ करत करत बेरीज नेमकी एवढीच येते, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. यात अजून एक टाकला तर बरेचदा हिशोब पलटी मारून थेट उणे २,१४,७४,८३,६४८ वर जातो, अब्जाधीश पोरगं एका कॉइनपायी कर्जबाजारी! म्हणून शहाणा प्रोग्रामर तिथंच कुलूप लावतो. आता १६ बिटांची जागा असती तर हीच हद्द ३२,७६७ आली असती आणि ती मूळ नाही, ७ × ३१ × १५१ आहे. म्हणजे ३१ ला जमलं हा निव्वळ योगायोग.

पण तुम्ही असं ३, ७, ११ करत गेलात तर दिवाळी येईन बाप्पा. ऑयलर नावाच्या गणितज्ञानं १७७२ मध्ये ही मूळ असल्याचं दाखवलं, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. ४६,३४० च्या पुढं बघायचं कामच नाही, कारण त्याच्या पुढच्या आकड्याचा वर्ग या संख्येहून मोठा होतो. आणि हिला मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च यायला पाहिजे. करून बघा : ६३ मूळ नाही, २४९ ला ३ नं भाग जातो, मग ३११, हा मूळ आहे, पण भागाकारात बाकी ३५ उरते, गेला. त्याच्यानंतर डायरेक्ट १३०३! मधले शेकडो आकडे बघायचेच नाहीत, मला तर यातली खरी गंमत हीच वाटते.

पुढं जवळपास शंभर वर्षं याहून मोठी मूळ संख्या कोणी जाहीर केली नव्हती. आता २०२४ ची रेकॉर्डवाली आहे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, अंकच ४ कोटींच्या वर. तर 'जगातली सगळ्यात मोठी' हे काही खरं नाही, आणि मूळ संख्या संपतच नाहीत हे तर जुन्या ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या काळापासून माहीत आहे.

जुन्या ३२ बिटवाल्या कॉम्प्युटरांची घड्याळं पण १९७० पासूनचे सेकंद मोजत याच आकड्यावर पलटी मारणार आहेत, १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडं सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी. त्याला अजून वेळ आहे. पोराला मात्र सांगा, थोडे कॉइन्स उडव आधी, नाहीतर यापुढचं जिंकलेलं सगळं फुकट जाऊन राह्यलं.