दोन फुटांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरून चार फुटांवर जाताना काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न असा आहे: साताऱ्यात पहिल्या मजल्यावर दोन फुटांची रीफ टाकी (समुद्री मासे आणि प्रवाळ म्हणजे कोरल ठेवलेली) दीड वर्ष नीट चालली आहे, त्यात दोन क्लाऊनफिश आणि थोडे सॉफ्ट कोरल आहेत, आता चार फुटांची घ्यायची आहे. जुनं पाणी आणि वाळू नव्या टाकीत घ्यावी का, आणि मोठी टाकी सांभाळायला खरंच सोपी असते का?

मी सांगलीत राहतो. २०१६ ला दोन फुटी टाकीने सुरुवात केली, २०१८ ला तीन फुटी केली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत चार फुटी बसवली. त्यातला पहिला बदल फार चुकला, दुसरा जमला.

आधी वाळूचं सांगतो, कारण तिथे जीव जातात. जुनी वाळू आणू नका, मूठभरसुद्धा नको. २०१८ ला मी दोन फुटी टाकी रिकामी केली, तळाची सगळी वाळू घमेल्यात काढली आणि तशीच नव्या टाकीत ओतली. वाटलं, दोन वर्षं मुरलेली वाळू आहे, चांगले जिवाणू असतील. वरची बोटभर वाळू पांढरी होती. खालचा थर करडा, कोपऱ्यात तर काळा, आणि घमेलं हलवलं की सडक्या अंड्यांचा वास यायचा. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. त्या थरात दोन वर्षांचं उरलेलं खाणं आणि माशांची घाण दबून बसलेली होती, ती मी एका झटक्यात पाण्यात मोकळी केली. दुपारी चारला मासे सोडले. रात्री नऊला मादी क्लाऊनफिश वरच्या कोपऱ्यात कलंडून जोरजोरात कल्ले हलवत होती. अमोनियाची चाचणी केली तर नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं ते गडद हिरवं झालं. जेवढं खारं पाणी तयार होतं तेवढं बदललं, पण ते होतं फक्त वीस लिटर. पहाटेपर्यंत ती मादी गेली, क्लीनर श्रिंप नावाची कोळंबीही गेली. नर पुढे दोन महिने दगडाच्या आडून फारसा बाहेर आला नाही. नंतर त्याच्या जोडीला लहान क्लाऊनफिश आणला आणि हाच मोठा होऊन मादी झाला. या माशांत तसं होतं, जोडीतली मादी गेली की नराची मादी होते.

जुनं पाणी नेल्याने बिघडत काही नाही, पण फायदाही फारसा नाही. अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात जवळजवळ नसतातच. ते दगडांच्या छिद्रांत, काचेवर, पाइपच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात. म्हणून न्यायचे ते दगड. नव्या टाकीत खारं पाणी भरून सुके सिरॅमिक दगड रचले की जुन्या टाकीतला मुठीएवढा एक दगड संपमध्ये (मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवा, दुधाला विरजण लावतो तसा. रोज चिमूटभर खाणं टाकत राहा आणि दर दोन-तीन दिवसांनी चाचणी करा. आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतो, शेवटी फक्त नायट्रेट उरतो. मला याला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस जुनी टाकी जशीच्या तशी चालू ठेवायची. एकाच दिवसात जुनी मोडून नवी लावायची घाई करू नका, जागा नसेल तर आधी जागा करा.

आता मोठी टाकी सोपी असते का. पाणी जास्त असलं की प्रत्येक बिघाड सावकाश होतो, हे खरं आहे. सत्तर लिटरमध्ये एक गोगलगाय मेली तरी अमोनिया दिसतो, चारशे लिटरमध्ये कळतही नाही. तापमानही हळू चढतं, हळू उतरतं. पण तुम्हाला लागणारी प्रत्येक गोष्ट पाचपट होते आणि घर तेवढंच राहतं. म्हणून माझं म्हणणं आहे की टाकीचं माप शोरूममधली काच बघून ठरवू नका. एका दिवसात तुमच्या घरी किती खारं पाणी तयार होऊ शकतं आणि मे महिन्यात किती पाणी तुम्ही थंड ठेवू शकता, या दोन आकड्यांवरून ठरवा. मला पाच फुटी हवी होती. हे दोन आकडे मांडले आणि चारवर थांबलो.

माझी टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. उंची मुद्दाम कमी ठेवली. काचेवरचा दाब उंचीवर ठरतो, लांबीवर नाही, आणि दीड फुटात हात तळापर्यंत पोचतो. टाकीत ३४० लिटर, संप धरून एकूण जवळपास ४०० लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पहिल्या भरणालाच मिठाची १५ किलोची बादली संपते. पुढे आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर दर वेळी ४० लिटर पाणी आणि दीड किलो मीठ लागतं.

हे पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलंच हवं. तुमच्याकडे कास तलावाचं पाणी येत असेल तर मूळ पाणीच हलकं आहे, आरओवर ताण कमी. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड आहे की मेंब्रेन लवकर जातो; इथली क्षारपड शेतं बघितलीत तर कारण कळेल. पण स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी तसंच वापरू नका. त्यात बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, शिवाय मिनरलचा कार्ट्रिज असतो. मेंब्रेनमधून निघणारी नळी तिथेच काढून घ्या, पुढे उरलेसुरले क्षार शोषणारा डीआय रेझिनचा एक फिल्टर जोडा आणि मीटरवर ० दिसल्याशिवाय ड्रममध्ये घेऊ नका. घरगुती मेंब्रेन तासाला बारा-पंधरा लिटर देतो, त्यामुळे रोज आठ-दहा तास चालवला तर ४०० लिटर जमायला तीन-चार दिवस धरा. शंभर लिटरचा झाकणाचा एक ड्रम मात्र कायम तयार खाऱ्या पाण्याने भरलेला असू द्या. २०१८ च्या त्या रात्री माझ्याकडे तो असता तर मादी वाचली असती असं मला अजून वाटतं.

रत्नागिरीहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणायचा विचार असेल तर सोडा. मी दोन वर्षं आणलं. एकदा जुलैत आणलेल्या पाण्याची घनता रिफ्रॅक्टोमीटरवर १.०१८ भरली. १.०२५ हवी. पावसात खाड्यांचं गोडं पाणी किनाऱ्याला लागतं, गाळही येतो.

उन्हाळ्याचं काय? रीफला २५-२६ अंश चांगले. २९-३० च्या वर बरेच दिवस राहिलं की कोरलच्या अंगातलं शेवाळ बाहेर पडतं आणि कोरल पांढरा पडतो. सांगलीत एप्रिलमध्ये बाहेर ४० असतं, साताऱ्यात थोडं कमी, पण बंद घराच्या पहिल्या मजल्यावर फार फरक पडत नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत टाकीवर तिरपे लावलेले छोटे पंखे खूप काम करतात. माठाचंच शास्त्र आहे. एक लिटर पाणी आटलं की ते जाताना ४०० लिटर पाण्याचं तापमान जवळपास दीड अंशाने उतरेल इतकी उष्णता घेऊन जातं. फक्त आटतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या साध्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. हे काम फ्लोट असलेल्या ऑटो टॉप-ऑफकडे द्या. माझ्या टाकीत मे महिन्यात रोज पाच-सहा लिटर जातं. मात्र वळीव पडायला लागले की हवा दमट होते, माठातलं पाणी गार होईनासं होतं तसे पंखेही निकामी ठरतात. तेव्हासाठी मी पाव एचपीचा चिलर घेतला. तो कॅबिनेटच्या आत ठेवू नका, आपलीच गरम हवा परत ओढतो. माझा मागच्या गॅलरीत आहे, पाइप भिंतीतून काढलाय.

वजनाचा हिशोब सोपा आहे. पाणी, १२ मिमी काच, दगड, वाळू, संप, लोखंडी स्टँड मिळून माझी टाकी सहाशे किलोच्या वर जाते आणि ते सगळं आठ चौरस फुटांवर. घराचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या भाराला धरून डिझाइन करतात. म्हणून खोलीच्या मधोमध नको, बीमवर, कॉलमच्या जवळ, भिंतीला लागून ठेवा आणि एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. स्टँड मी कुपवाडच्या एका फॅब्रिकेटरकडून दोन इंची चौकोनी पाइपचा करून घेतला, पावडर कोटिंगसकट, नाहीतर खारं पाणी वर्षभरात खातं. पाणी भरायच्या आधी चारही कोपरे लेव्हल ट्यूबने तपासा.

पहिल्या मजल्यावर आहात म्हणून हे नक्की करा. टाकीत साधं पाणी भरून चार दिवस गळती बघा आणि त्याच दिवसांत चालू पंप मुद्दाम बंद करा. पंप थांबला की ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपमध्ये उतरतं) आणि रिटर्न नळीच्या (जी ते परत वर आणते) तोंडापर्यंतचं पाणी खाली संपमध्ये येतं. चार बाय दोनच्या टाकीत दर इंचाला १९ लिटर. दोन इंच उतरलं तर ३८ लिटर, आणि संपमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल तर ते खालच्या घरात जाणार. माझी रिटर्न नळी पहिल्यांदा चार इंच आत बुडालेली होती. ती वर घेतली, तेव्हा संप काठाच्या दोन बोटं खाली थांबला. तिथे मी मार्करने रेघ मारून ठेवली आहे. बोर्डावर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही.

लाइट गेली की आधी संपतो तो ऑक्सिजन. माशांनी भरलेल्या टाकीत तीन-चार तासांत मासे वर यायला लागतात. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप) ठेवा, तीस वॉटला १५० एएचची बॅटरी दिवसभर पुरते. दिवे, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), चिलर त्यावर नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमच्या दारात पाणी आलं नाही, पण वीज चार दिवस नव्हती आणि इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. मग बॅटरीवरचा छोटा एअर पंप, आणि त्याचे सेल संपल्यावर तांब्या. दर तासाला पंधरा-वीस तांबे पाणी वर उचलून उंचावरून ओतायचं. रात्री मी आणि आई आळीपाळीने उठत होतो. चार दिवस खाणं बंद ठेवलं. सगळे मासे जगले. तेव्हापासून सेलचं एक खोकं स्टँडखाली असतंच.

कोरल काय ठेवायचे याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दगडी सांगाडा बनवणारे सगळे कोरल, सी फॅन आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. मालवणच्या समुद्रात असे कोरल आहेत, तिथून कुणी तुकडा किंवा ‘लाइव्ह रॉक’ आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. झोअँथस, मशरूम, लेदर या दगडी सांगाडा नसलेल्या कोरलवरच चार फुटी टाकी भरलेली आणि सुंदर दिसते. त्यांना कॅल्शियमचे डोस लागत नाहीत, आठवड्याचं पाणी बदलणं पुरतं. मासेही शक्यतो हॅचरीत वाढवलेले घ्या, क्लाऊनफिश तसे मिळतात. निळा टँग हा मासा मात्र चार फुटांत घालू नका, तो पूर्ण वाढल्यावर फूटभर होतो.

हलवताना आधी कोरल, दोन दिवसांनी उरलेले दगड, शेवटी मासे. नवा दिवा एक तृतीयांश प्रकाशावर लावा आणि महिनाभरात हळूहळू वाढवा, जुन्या मंद प्रकाशाला सवयलेले कोरल नाहीतर भाजतात. माझे झोअँथस हलवल्यावर दोन दिवस मिटून बसले होते, तपकिरी मोडांसारखे. तिसऱ्या संध्याकाळी एकाच टोकाची हिरवी किनार उघडली आणि रात्रीपर्यंत सगळा दगड फुलला. ते मिटलेले असताना हात घालून हलवाहलव करू नका.

दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ धरा, ना ऊन ना पाऊस. टाकी ज्या भिंतीला लावणार ती पश्चिमेची आहे का आणि खोली दिवसा बंद असते का, ते खाली लिहा. म्हणजे पंख्यांवर भागेल की चिलर आत्ताच घ्यावा लागेल, ते सांगता येईल.