युरोपीय संघात नको असलेले मासे पुन्हा समुद्रात फेकण्यावर खरोखर बंदी आहे का?

होय, ज्या जातींना कोटा (पकडीची ठरवून दिलेली कमाल मर्यादा) आहे, आणि भूमध्य समुद्रात ज्यांचा किमान आकार ठरवून दिला आहे, त्यांची सर्व पकड बंदरावर आणून नोंदवणे 2013 च्या सामाईक मत्स्यव्यवसाय धोरणाच्या कलम 15 नुसार बंधनकारक असून, 2015 पासून टप्प्याटप्प्याने आलेली ही अट 1 जानेवारी 2019 पासून पूर्णपणे लागू आहे. फेकलेले मासे बहुधा मरतात आणि नोंदीतही येत नाहीत, त्यामुळे समुद्रातील माशांच्या साठ्याचा अंदाजच चुकतो. किमान आकाराहून लहान मासे थेट मानवी आहारासाठी विकता येत नाहीत, आणि मला हा या सुधारणेतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. मात्र सोडल्यावर जगण्याची शक्यता जास्त असलेल्या जातींना सूट मिळते, आणि भर समुद्रात तपासणी अवघड असल्याने अंमलबजावणी अजून कमकुवत आहे.