जखमेवर अँटिबायोटिक मलमाऐवजी घरातलं स्वस्त काय लावता येईल?

तुम्ही विचारलंय की मुलं सारखी पडतात, दरवेळी अँटिबायोटिकची ट्यूब परवडत नाही, तर घरातलं काय लावू. माझं सरळ म्हणणं, साध्या खरचटण्याला ती ट्यूब बहुतेक वेळा लागतच नाही, लागतं ते भरपूर पाणी.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे, ओहोटीला कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला गेलं की पाय कापणं आलंच, कालवाची कड ब्लेडसारखी असते. बाबांचा तळवा असाच चिरला, आजीने मूठभर हळद दाबून फडकं बांधलं, रक्त थांबलं म्हणून सगळे निवांत. चौथ्या दिवशी पाय टेकवेना. दवाखान्यात सिस्टरनी हळदीचा तो कडक झालेला थर भिजवून भिजवून काढला तर खाली पू, आणि शिंपल्याची नखाएवढी कपची आतच. हळद घरची होती, पण जखम कुणी धुतलीच नव्हती.

म्हणून आधी हात साबणाने धुवा आणि मग जखम स्वच्छ वाहत्या पाण्याखाली पाचेक मिनिटं धरा, पावसात विहिरीचं पाणी गढूळ येतं तेव्हा उकळून गार केलेलं घ्या, अर्ध्या लिटरला एक सपाट छोटा चमचा मीठ टाकलं तर उत्तमच. स्पिरिट ओतू नका, नवीन येणारी कातडी पण त्यात जळते. मग साधी पेट्रोलियम जेली पातळ लावून पट्टी, रोज बदलायची, कारण जखम ओलसर राहिली तर सुकून खपली धरण्यापेक्षा लवकर भरते. 1996 साली अमेरिकेत छोट्या ऑपरेशनच्या नऊशेच्या आसपास पेशंटवर बघितलं होतं, बॅसिट्रासिन हे अँटिबायोटिक मलम आणि साधी जेली यात जखम पिकण्याचं प्रमाण दोन्हीकडे अगदी कमी, म्हणण्यासारखा फरक नाही, उलट मलमाने काहींना ॲलर्जी आली.

मधही चालतो, तो जंतूंचं पाणी शोषतो, थोडा आम्लधर्मी असतो आणि त्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. पण हॉस्पिटलात वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो, बाजारातल्या कितीतरी बाटल्यांत साखरेचा पाक असतो, त्यामुळे घरचा मध फक्त वरवरच्या खरचटण्यावर लावा, खोल जखमेत भरू नका. भाजलं असेल तर आपल्या परसातलं केळीचं पान! मुंबईच्या डॉक्टरांनी 2003 साली भाजलेल्या पेशंटवर निर्जंतुक केलेलं पान ड्रेसिंगला वापरून त्यावर लिहिलंय, ते चिकटत नाही म्हणून काढताना दुखत नाही. पण ते हॉस्पिटलातलं काम, घरी आधी वीस मिनिटं गार पाणी, आणि फोड मोठा असेल तर डॉक्टर.

शेण, माती, चुना, चहापावडर काही म्हणजे काही भरू नका, कळकळीने सांगते. लाली पसरायला लागली, ताप आला, किंवा डायबेटिसवाल्याच्या पायाला लागलंय तर घरचे उपाय बंद. समुद्राच्या पाण्यात किंवा लावणीच्या चिखलात कापलं असेल तर त्याच दिवशी दाखवा, आपल्याकडे लेप्टोही आहे (उंदराच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), आणि धनुर्वाताचं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.