स्वतःच्या मरणावर कविता लिहिणं अशुभ असतं का?

तुम्ही विचारलंय की स्वतःच्या मरणावर कविता लिहावीशी वाटते पण घरचे अशुभ म्हणून ओरडतात, तर लिहावी का. लिहा. मी लिहिलीये म्हणून सांगतोय. (मरावंसंच वाटत असेल तर मात्र ती गोष्ट वेगळी, मग कविता राहू दे, आधी जवळच्या कोणाशीतरी बोला, आजच.)

घरच्यांची भीती मला समजते. आम्ही गुहागरकडचे, तिन्हीसांजेला असलं काही तोंडातून निघालं की आई म्हणायची, गप्प बस, वास्तू तथास्तु म्हणते. पण तीच आई भजनात 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां' म्हणताना टाळ वाजवायची की! तुकोबांनी तर त्याला सोहळा म्हटलंय.

माझी अँजिओप्लास्टी झाली, घरी आल्यावर रात्री झोप लागेना, गाज ऐकत पडायचो आणि मोबाईलवर टाईप करायचो. पहिल्या चार-पाच कविता डिलीट केल्या. पैलतीर, नाव, मावळता सूर्य सगळं होतं त्यात, फक्त मी कुठे नव्हतो.

मग पावसाच्या तोंडाला आगरात, म्हणजे आमच्या नारळाच्या वाडीत, बाणवली जातीच्या माडाचं रोप लावलं. खड्डा गड्याने खणला, मी नुसता रोप धरून उभा. बाणवलीला नारळ धरायला सहा-सात वर्षं तरी लागतात आणि नंतर 80 वर्षं कुठे जात नाही, मी 66 चा, माती लोटता लोटता मनात हिशोब झाला की ह्याचं पहिलं शहाळं मला मिळेल न मिळेल पण ह्याच्या झावळ्या माझा नातू म्हातारा झाला तरी पडत असतील. त्या रात्री कविता आली. मरण हा शब्दच नाही तिच्यात. उन्हाळ्यात शिंपणं चुकवू नका, रोपावर सावली धरा, गेंड्या भुंगा कोंबात शिरला तर तारेच्या हुकाने ओढून काढा, असंच सगळं. तुमच्यामागे कोणालातरी करावं लागेल असं तुमच्या हातातलं काम कुठलं, तिथून सुरू करून बघा, मोठे शब्द आपोआप गळतात.

बायकोला वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढंच म्हणाली, भुंगा लागलेला ओळखायचा कसा ते मला एकदा नीट दाखवा. सकाळी शेजारच्या आगरातला माड दाखवला तिला, भुंगा लागला की झावळी कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसते.